वाहनमुक्त दिवशी लोटलेली बस

बस गेटात उभी होती आणि तिच्यासमोर हात आडवे करून आमचा वॉचमन.

“प्राचार्य साहेबाचा आदेश हाय. आज कोणतीच गाडी आत नाई.”

मी संग्रामपूरकडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. वरून ‘ग्रीन कॅम्पस समन्वयक’ हे झेंगट. त्या दिवशी ग्रीन ऑडिट होतं. म्हणजे बाहेरची समिती येते आणि कॉलेज वीज, पाणी, पेट्रोल किती उधळतं ते बघते. छाप पडावी म्हणून प्राचार्यांनी वाहनमुक्त दिवस जाहीर केला. स्टाफने तो इमानदारीने पाळला. सगळ्यांनी मोटारसायकली समोरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात लावल्या आणि रस्ता ओलांडून पायी आले. वर फोटोही काढून घेतले.

राहिली बस. वरवट बकालकडच्या बहुतेक पोरी तिनेच येतात. पुढचा रस्ता अरुंद, म्हणून ती आमच्या मैदानातच वळते.

“वळू नाई देत? मंग उद्यापासून फाट्यावरूनच वापस नेतो,” ड्रायव्हर म्हणाला. “डेपोत तसं सांगून देतो.”

फाटा तीन किलोमीटरवर. सेकंड इयरची कोमल खिडकीतून ओरडली, “सर, असं नका करू! फाट्यावरून पायी या लागलं तं बाबा मले घरीच बसवतीन.”

मागे ही फेरी काही दिवस बंद होती, तेव्हा तिच्या दोन मैत्रिणी अशाच घरी बसल्या. त्या परत आल्या नाहीत.

मी प्राचार्यांना फोन लावला. “सर, एवढी पोरं आणि इंजिन एकच. याहून ग्रीन काय असतं?”

“पटतंय हो. पण आदेश निघालाय, समिती पोहोचतेय. इंजिन बंद करून घ्या ना आत!”

मी ते ड्रायव्हरला सांगितलं. त्याने मान हलवली. “करतो बंद. मंग लोटा.”

पोरी उतरल्या, वर्गातली पोरं धावत आली. बस गेटातून आत सरकू लागली. तेवढ्यात मागे समितीची गाडी आली. वॉचमनने तीही अडवली. अध्यक्ष उतरून बघतच राहिले.

“हे काय चाललंय?”

ऑफिसातून धावत आलेले प्राचार्य घाम पुसत म्हणाले, “सर, आमच्या कॅम्पसमध्ये बस विद्यार्थीच लोटतात. धूर शून्य!”

अध्यक्षांनी बाह्या सारल्या आणि स्वतः हात लावला. बस मैदानात वळली, गेटाबाहेर गेली, तिथे सुरू झाली. टाळ्या पडल्या.

अहवालात हा ‘अभिनव उपक्रम’ ठरला. तो रोज राबवावा, अशी शिफारसही आली. प्राचार्य खूश. रोजच्या वाहनमुक्तीचा आदेश मलाच लिहायला सांगितला. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं: ‘बस लोटण्याचे नेतृत्व मा. प्राचार्य करतील.’ त्यांनी न वाचताच सही केली.

सोमवारी पोरांनी त्यांना बसच्या मागे मधोमध उभं केलं. मंगळवारी ते कमरेला पट्टा बांधून आले आणि आदेशातल्या ‘कोणतीही गाडी आत येणार नाही’ याला दोन शब्द जोडले: ‘बस सोडून.’

आता बस इंजिनावर वळते आणि कोमल थर्ड इयरला आहे. पर्यावरणासाठी काही करायचं असेल, तर जी माणसं आधीच बसने येतात त्यांच्या वाटेतून आधी आपण बाजूला व्हावं.