फिल्टर हाउसचा फीडर

"मॅडम, लोड लगेच कमी करा. फ्रिक्वेन्सी घसरून राहिली आहे!"

लोड डिस्पॅच सेंटरचा फोन होता. मी भिलाईच्या एका सबस्टेशनमध्ये शिफ्ट इंजिनीअर. भर उन्हाळ्याची दुपार, गावभर कूलर चालू.

फ्रिक्वेन्सी म्हणजे ग्रिडची नाडी. ती पन्नास हर्ट्झच्या आसपास राहावी लागते. मागणी निर्मितीच्या पुढे गेली की ती उतरते. फार उतरली तर पॉवर प्लांट एकामागून एक बंद पडतात आणि राज्यंच्या राज्यं अंधारात जातात. म्हणून दिल्लीच्या ऊर्जा मंत्रालयापासून खालपर्यंत एक शिस्त आहे. वरून हुकूम आला की आम्ही एखादा फीडर, म्हणजे एका भागाला वीज नेणारी लाइन, बंद करतो. हॉस्पिटलचा फीडर मात्र कधीच नाही.

त्या दिवशी पाळी फिल्टर हाउसच्या, म्हणजे गावाचं पाणी शुद्ध करून पुरवणाऱ्या केंद्राच्या, फीडरची होती. मी स्विचकडे हात नेला आणि थांबले. माझे सासरे त्या क्षणी हॉस्पिटलमध्ये डायलिसिसच्या मशीनवर होते. मशीनला वीज मिळणार होती. पण त्या मशीनला पाणीही लागतं, आणि भरपूर लागतं. ते फिल्टर हाउसच्या पंपावरून यायचं, आणि पंपाला जनरेटर नव्हता. विजेचं मंत्रालय वेगळं, पाण्याचं वेगळं. आमच्यापर्यंत येईतो दोघांची ओळखही उरत नाही.

मी फिल्टर हाउसला फोन लावला. ऑपरेटर म्हणाला, "टंकी तो खाली है मैडम, अभी भरना चालू किया है." टाकी रिकामी, म्हणजे पंप थांबला की हॉस्पिटलचं पाणी लगेच तुटणार.

मग साहेबांना लावला. वानखेडे साहेब आमचे वरिष्ठ, मूळचे अमरावतीचे.

"सर, फिल्टर हाउस राहू द्या. त्याच्याऐवजी कॉलनीचा फीडर बंद करते."

"कॉलनीची पाळी कालच झाली ना? लोक मले फाडून खातील!"

"हॉस्पिटलचं पाणी जाईल सर. डायलिसिस चालू आहे."

"तुमचं कोणी आहे का तिथं?"

खोटं बोलता आलं असतं. समोर मीटरचा आकडा उतरतच होता.

"सासरे आहेत."

मला वाटलं, संपलं. आता हे म्हणणार की घरच्यासाठी नियम मोडता.

"अन् कॉलनीच्या फीडरवर कोण आहे?"

"माझं घर."

"मंग करा. पण कारण लिहून ठेवा, अन् खाली सही तुमची."

मी कॉलनीचा फीडर पाडला. आकडा थांबला, मग हळूहळू वर सरकू लागला. कॉलनीतून शिव्यांचे फोन सुरू झाले, तरी माझे कान एकाच फोनकडे होते. अखेर नवऱ्याचा आला.

"बाबांचं झालं बरोबर. घरी आणलं. पण इथं लाइट कावून नाही?"

मला रडू आलं. "येईल," एवढंच म्हटलं.

घरी पोचले तेव्हाही पंखे बंदच होते. सासरे घामाघूम होऊन पेपरानं वारा घेत बसले होते.

"सूनबाई, तुमच्या सबस्टेशनात काय झोपा काढता का? त्याच्यापेक्षा दवाखान्यात बरं होतं. पंखा तरी होता!"

पुढे ऑफिसने माझ्याकडून खुलासा मागितला, आणि तो वाचून फिल्टर हाउसचा फीडरही कधीच बंद न करायच्या यादीत घातला. कॉलनीतल्या बायका अजून टोमणे मारतात. अनुभवाने एवढंच शिकले की कोणाची तरी वीज कापायचीच असेल, तर आपल्या घरापासून सुरुवात करावी. शिव्या चुकत नाहीत, पण रात्री झोप लागते.