दहावं खाचर

जगातल्या कुठल्याही वस्तूचे दहा भाग होतात आणि त्यातला एक देवासाठी बाजूला काढल्याशिवाय उरलेल्या नवांना चव येत नाही, अशी पक्की समजूत असलेला माझ्या माहितीतला एकच माणूस म्हणजे आमच्या हिचे मामा. कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आम्हा ख्रिस्ती लोकांची एक छोटी वाडी आहे, म्हणजे होती. मामा तिथले शेतकरी आणि तिथल्या मंडळीचे पाळकही. पाळकपणाचा पगार त्यांनी कधी घेतला नाही. रविवारचा उपदेश, बाप्तिस्मे, लग्नं, मयती हे सगळं भातशेती सांभाळून चालायचं, आणि या दोन्हीतलं मुख्य काम कोणतं हे त्यांचं त्यांनाही नीट ठाऊक नसावं. उपदेश ऐन रंगात आला तरी त्यांचा एक डोळा खिडकीबाहेर असायचा. एकदा सगळी मंडळी डोळे मिटून प्रार्थनेत असताना मामा त्याच गंभीर सुरात म्हणाले, "आणि हे दयाळू पित्या, शामरावाचा बैल माज्या रोपात शिरलाय, कोणीतरी उठा." मागच्या बाकांवरून सवयीनं "आमेन" आलं. बैल पोटभर खाऊन गेला.

ही वाडी मामांनीच वसवली. तरुणपणी देशावरच्या एका कोरड्या गावातली काही कुटुंबं त्यांनी बैलगाड्यांतून घाट उतरवून इथं आणली आणि कशेळ्याच्या एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याकडून माळरान घेतलं. माणसं बाजरीची. येताना बीही बाजरीचंच आणलेलं. वर देशावरच्या सवयीला जागून मामांनी पहिल्याच ज्येष्ठात पावसासाठी उपास-प्रार्थना ठेवली. कर्जतचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बी वाहून गेलं, झोपड्यांची छपरं गेली, आणि डोंगरावरच्या वाडीतले ठाकर खाली उतरून विचारू लागले, "बाबा, तुमचं ते मागणं अजून किती दिस चालणार हाय?" त्यांनीच मग मामांना पालापाचोळा पसरून रोपाच्या जागेचा राब भाजायला, रोप तयार करायला आणि लावणी करायला शिकवलं. त्या वर्षापासून आमच्या प्रार्थनेत पावसाचं नाव काढायला बंदी आहे. "हितं देवाला आठवण द्यावी लागत नाय," असं मामा सांगतात.

भाताची खाचरं बांधून झाली, वर ओढ्याला दगडी बंधारा घातला गेला, आणि त्या बंधाऱ्यावर मामांनी न्यायदानाची एक स्वतंत्र पद्धत काढली. कोणाचंही भांडण असो, पाण्याच्या पाळीचं असो की सासू-सुनेचं, मामा आधी ऐकूनच घ्यायचे नाहीत. दोन्ही पक्षांनी दिवसभर बंधाऱ्यावर एकत्र दगड वाहायचे आणि दिवेलागणीला तक्रार सांगायची, असा नियम होता. दिवेलागणीपर्यंत तक्रार कोणाच्या अंगात उरलेली नसायची. एक सासू तर सुनेच्या पाठीला तेल लावून द्या म्हणून मामींकडे बाटली घेऊन आली होती. पाहुणे बंधाऱ्याचं कौतुक करू लागले की मामा जरा ओशाळायचे. एवढा भक्कम बंधारा म्हणजे वाडीत भांडणं किती झाली असतील, याचा हिशोब कोणी करू नये असं त्यांना वाटायचं.

पण मामांचं खरं वेड दशांशाचं. उत्पन्नाचा दहावा भाग देवाचा, हे आमच्यात सगळेच मानतात. मामा ते अमलात आणतात. आणि दहावा म्हणजे उरलासुरला नव्हे, सगळ्यात चांगला. आमच्या लग्नानंतर ते पहिल्यांदा घरी आले ते आंब्याची करंडी घेऊन. करंडी उघडली, आंबे ओळीनं मांडले, प्रत्येकाचा वास घेतला, त्यातले सगळ्यात देखणे पुन्हा पिशवीत भरले आणि म्हणाले, "हे देवाचे. बाकीचे खा, जावईबापू." वाडीतल्या लोकांनी दशांशात दिलेलं धान्य, अंडी, भोपळे सगळं प्रार्थनाघरामागच्या कोठीत जमा व्हायचं आणि ज्याच्या घरात अडचण असेल त्याला गुपचूप पोचायचं. डोंगरावरच्या ठाकरवाडीतही जायचं. देवाला जात विचारायची सवय नाय, असं मामांचं म्हणणं. दशांशात आलेल्या कोंबड्या मात्र संध्याकाळ झाली की आपापल्या जुन्या मालकाच्या खुराड्यात परत जायच्या. मामा त्यांना घरोघर जाऊन गोळा करायचे आणि मालकाकडे असं बघायचे की जणू त्यानंच फितवल्या असाव्यात.

नोटा मात्र ते घेत नसत. त्यांचा एक पुतण्या खालापूरकडे कारखान्यात लागला. पहिल्या पगाराचा दहावा भाग त्यानं पाकिटात घालून आणला, तर मामांनी पाकीट न उघडताच परत दिलं. "हे पेरलं तर उगवंल का रं?" पोरगा बिचारा बाजारात जाऊन तेवढ्या किमतीचा तांदूळ घेऊन आला. मामांनी मूठभर हातात घेऊन पाहिला. "दुकानातला हाय. मंग ह्यो दुकानदाराचा दशांश झाला. तुजा कुठाय?" अखेर दर लावणीला आणि कापणीला रजा टाकून तो कोठीसाठी राबायला येऊ लागला. जे तुमच्या हातातून निघालं तेच द्यायचं, त्याच्या बदल्यात दुसरं चालणार नाही, हे त्या दिवसापासून वाडीत लहान पोरांनाही कळलं.

स्वतःसाठी मामांनी एकच गोष्ट मागितली. वाडी मोडू नये. आम्हा मुलांना, जावयांना, सगळ्यांना ते हे एवढं सांगायचे. मुलंबाळं बदलापूरला, खोपोलीला नोकरीला लागली तरी ते फारसं बोलले नाहीत. जमीन जागेवर असली की माणूस कापणीला तरी परत येतो, अशी त्यांची आशा होती. मग मुंबईच्या लोकांना फार्महाऊसचं वेड लागलं आणि दलाल जीप घेऊन वाडीत फिरू लागले.

सगळ्यात आधी शामराव तयार झाला. हा तोच बैलवाला शामराव; मामांच्या गाडीतून आईच्या मांडीवर बसून घाट उतरलेला. त्याचे गुडघे गेले होते आणि मुलगा शेतीकडे बघायला तयार नव्हता. मामांना कुणकुण लागली आणि त्यांनी आठवडाभर खपून जमीन विकण्याविरुद्ध उपदेश तयार केला. मला तो त्यांनी आधीच शेतात ऐकवला होता. अंगावर काटा यावा असा होता. त्या रविवारी आम्ही नवराबायको मुद्दाम कर्जतहून गेलो. उपदेश सुरू होण्याआधी दशांश पुढं आणायची रीत असते. शामराव इस्त्रीचे कपडे घालून, बायको, मुलगा, सून घेऊन पुढे आला. हातात काही नव्हतं. म्हणाला, "मामा, धा खाचरं होती. नऊ इकली. दहावं देवाला काढून ठिवलंय. बंधाऱ्याखालचं, सगळ्यात चांगलं. कागदावर माज्याच नावावर ऱ्हाईल, पण मंडळीचं हाय."

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा खुलला होता. त्यानं मामांच्या शिकवणीतला एक शब्दही मोडला नव्हता. नोटा आणल्या नाहीत, उरलंसुरलं दिलं नाही, बदल्यात दुसरं दिलं नाही. मामांनी उपदेशाचा कागद मिटून खिशात घातला. मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि दशांशावर म्हणतात ती आशीर्वादाची प्रार्थना म्हटली, शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता. उपदेश झाला नाही. त्यांना बरं वाटत नाही, असं मामींनी सांगितलं आणि आम्ही सगळे गाणं म्हणून उठलो.

त्यानंतर वाडी विरघळलीच. एकेक कुटुंब यायचं, नऊ भाग विकल्याचं सांगायचं, उत्तमातलं उत्तम खाचर मंडळीला द्यायचं आणि मोकळ्या मनानं गाठोडी बांधायचं. मामांच्या एका प्रार्थनेनं सगळ्यांचा जीव हलका झाला होता. कोणी चोरून विकलं नाही, की भांडून गेलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, निदान बंधाऱ्यावर तरी पाठवता आले असते.

आता त्या माळावर कंपाऊंडच्या भिंती आहेत, पोहण्याचे तलाव आहेत, आणि मधेमधे, हिरवी ठिगळं असावीत तशी देवाची खाचरं आहेत. मामा, मामी आणि रजा टाकून येणारा तो पुतण्या मिळून ती सगळी लावतात. शामरावाच्या खाचराला जायला एका बंगल्याच्या फाटकातून वाट आहे. तिथला नवा वॉचमन वही पुढे करून विचारतो, "कोणाकडे जायचंय?" मामा सांगतात, "भाताकडं." तो नाव लिहून घेतो आणि सोडतो.

गेल्या कापणीला मीही गेलो होतो. शामरावाच्या खाचरात आम्ही दोघंच होतो. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी वाढदिवसाची रात्रीपासूनची गाणी अजून चालूच होती. मामा खाली मान घालून कापत होते. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून धीर द्यावा तसा मी म्हणालो, "काही म्हणा मामा, तुमचं शिकवलेलं कोणी विसरलं नाही. एकूण एकानं दहावा भाग दिला."

मामा बांधावर टेकले. त्यांनी विळा बाजूला ठेवला.

"तेच तर, जावईबापू," ते म्हणाले. "जनमभर दहाव्याचंच बोललो मी. नऊ हिस्से बी देवाचेच हायत, हे सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

 ते उठले, कमरेवर हात ठेवून जरा उभे राहिले आणि पुन्हा कापायला वाकले. मीही शेजारी वाकलो. खाचर लहानच होतं. उन्हं चढायच्या आत कापून झालं.