दाजींचं फक्कीचं घर

बबनरावांचा फोन आला तेव्हा मी मंडईतून भाजी घेऊन नुकतीच घरात शिरले होते. वाघोलीला दाजींच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या, प्लॉटला लागून एक सोसायटी आहे. बबनराव तिथले वॉचमन. "म्याडम, सायेब खुर्चीत बसल्यात, पन हाक मारली तर बोलंनात," ते म्हणाले. मी ओरडलेच, "अहो मग जवळ जाऊन बघा ना!" त्यावर ते जे बोलले ते आज सात आठवडे झाले तरी माझ्या कानातून जात नाही. "कसं जानार म्याडम? दार लावलेलं हाय." त्या प्लॉटवर दार नव्हतं. भिंत नव्हती, छप्पर नव्हतं, विटेवर वीट चढलेली नव्हती. मोकळी जमीन, तिच्यावर चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेघा, आणि त्या रेघांच्या मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले दाजी... बबनराव त्याआधी अर्धा तास रेघेबाहेर उभे होते. माझ्या ओरडण्यामुळे शेवटी आत गेले, तर दाजी गार पडले होते. अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर असं म्हणतातच.

दाजी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. खडकवासल्याच्या कालव्यांचे किती नकाशे त्यांच्या हातून गेले असतील कोण जाणे. हात इतका स्वच्छ की किराणा मालाची यादीसुद्धा चौकटीत लिहायचे. कसबा पेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत त्यांचा आणि ताईचा सगळा संसार झाला. मूलबाळ नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकून ताई स्वतःचा गॅस बंद करायची, इतक्या त्या खोल्या एकमेकींना चिकटलेल्या. निवृत्त झाल्यावर दाजींनी वाघोलीला प्लॉट घेतला आणि स्वतःच्या हाताने घराचा नकाशा काढला. मी पहिल्या दिवसापासून विरोधात होते. 'घर पाहावं बांधून' म्हणतात. लोकांना तो सल्ला वाटतो, मला ती धमकी वाटते. माझ्या सासऱ्यांनी घर बांधलं, कंत्राटदाराशी भांडून रक्तदाब लावून घेतला आणि वास्तूत जेमतेम चार महिने राहून गेले. "दाजी, या वयात हे झेंगट कशाला?" असं मी दर भेटीत म्हणायचे. ते मला 'बाई' म्हणायचे, कारण मी शाळेत शिकवायचे. "बाई, तुमच्या वर्गात शिकलो असतो तर साधा बाक बनवायचंसुद्धा धाडस केलं नसतं मी," एवढंच उत्तर.

नकाशा मंजूर झाला, आखणी झाली. ज्यांनी घर बांधलंय त्यांना ठाऊक असेल, जमिनीवर फक्की टाकली की खोल्या एवढ्याशा दिसतात. ताई म्हणाली, "अगंबाई, एवढंसंच?" कंत्राटदाराने समजावलं की भिंती उठल्या की मोठं दिसतं, सगळ्यांनाच असं वाटतं. पण दाजींना ती कसर डसली. त्यांनी आखणी पुसली, दिवाणखाना दीड फूट वाढवला. मग स्वयंपाकघर लहान वाटायला लागलं. ते वाढवलं तर जिना अडला. पावसाने रेघा धुतल्या की दिवाळीनंतर पुन्हा नव्याने आखणी. अशी अकरा वर्षं गेली. कालवे मैलोन् मैल बिनचूक नेणारा माणूस स्वतःच्या चार खोल्यांत अडकला.

रविवारी आम्ही डबा घेऊन तिथे जायचो. पहिल्या वेळी मी सरळ खुर्चीकडे निघाले, तर दाजी केवढ्याने दचकले. "बाई, भिंतीतून काय येताय? दार तिकडे आहे." मी हसले. ते हसले नाहीत. मग मी वळसा घालून, रेघेत सोडलेल्या साडेतीन फुटांच्या फटीतून आत गेले. तेव्हापासून सगळेच तसे जायला लागलो. फटीत दोन विटा आडव्या ठेवल्या म्हणजे दार लावलेलं, हा त्यांचा नियम बबनरावांनीही मुकाट्याने पाळला. कुत्री मात्र कुठूनही घुसायची. दाजींना त्याचा मनापासून राग यायचा.

पुढे पुढे ते कसब्यातल्या खोलीतही तसे वागायला लागले. अंधारात आले की त्यांचा हात दाराच्या डावीकडे जायचा. तिथे बटण नव्हतं, ते वाघोलीच्या नकाशात होतं. मोरीकडे जाताना सपाट फरशीवर पाय उचलून टाकायचे, कारण नकाशात तिथे पायरी होती. "सुमे, हे इथे राहतच नाहीत आताशा," ताई मला म्हणाली होती, आधी हसून, नंतर न हसता. एकदा मी दुपारची गेले होते. दाजी कॉटवर पडून म्हणाले, "अगं, पश्चिमेची खिडकी लाव. डोळ्यांवर ऊन येतंय." त्या खोलीला पश्चिमेला खिडकी नाही, शेजाऱ्यांची भिंत आहे. मला वाटलं ताई आता त्यांना भानावर आणेल. ताई उठली, कोऱ्या भिंतीपाशी गेली, दोन्ही हात पसरून तिने काहीतरी जवळ ओढल्यासारखं केलं आणि विचारलं, "आता बरं वाटतंय?" ते हो म्हणाले. चहा न घेताच मी निघाले.

आणि एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण ती मला झोपू देत नाही. दोन वर्षांपूर्वी कंत्राटदार शेवटचं विचारायला आला होता, खणायचं की नाही. दाजी त्या दिवशी तयार होते, मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण माझी जीभ! मी म्हणाले, "राहू द्या हो दाजी, असंच छान आहे. गळत नाही, भेगा पडत नाहीत, रंग काढावा लागत नाही." मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी टाकून बोलतील. त्यांनी रेघांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "बाई, पटलं तुमचं." त्यांनी कंत्राटदाराला परत पाठवलं, आणि पुढे त्याच रेघा न बदलता गिरवत राहिले. माझ्या एका टोमण्याने त्या माणसाला कायमचं उघड्यावर बसवलं.

दाजी गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि ताई रोज सकाळी बस पकडून वाघोलीला जायला लागली. विचारलं की म्हणायची, "झाडलोट करायला नको का?" अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले. मला एकच दिसत होतं. दाजी गेले त्या वाटेने ही निघालीये, आणि ही गेली की मला 'सुमे' म्हणणारं कुणी उरणार नाही. प्लॉट विकून टाकायचा हा एकच उपाय मला सुचला. ताई नाही म्हणाली नाही, म्हणून मी गिऱ्हाईक आणलं.

ते एक तरुण जोडपं होतं, आयटीतलं. दाजी गेल्यापासून कुणी न गिरवलेली फक्की वाऱ्याने उडून गेली होती. सगळीकडे गुडघाभर वाळकं गवत. नवरा मोबाईलवर जागेची मापं बघत होता. बायको गवतात थोडी पुढे गेली आणि थबकली. "आंटी, इथे आधी घर होतं ना? डिमॉलिश केलंत का?" मी तिच्याजवळ जाऊन बघितलं. वर्षानुवर्षं चुना पडून रेघांच्या जागी गवत उगवलंच नव्हतं, आणि दाजींच्या चालण्याने खोल्याखोल्यांतून वाटा पडल्या होत्या... दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दारी. जिथे भिंत तिथे वाट वळलेली. एकही पाऊल आरपार गेलेलं नाही. ताई म्हणाली, "पाडलं नाही. आम्ही राहतो इथे." मुलीने नवऱ्याचा दंड धरला. पाच मिनिटांत त्यांची गाडी दिसेनाशी झाली.

मी संतापले. कोण राहतं, कुठे राहतं, असं बरंच बोलले. ताईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "सुमे, उन्हात काय उभी राहतेस? आत ये." मी आत गेले. का गेले माहीत नाही. वर नुसतं आभाळ, ऊन मी म्हणत होतं. आणि खरं सांगते, कुणी विश्वास ठेवा वा न ठेवा, माझ्या मानेवरचा घाम गार झाला. सावलीत शिरल्यावर होतो तसा. मी तिथून पळाले नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी मीच कंत्राटदाराला फोन केला. घर बांधण्याच्या खटाटोपात अर्थ असतो का, ते मला अजूनही सांगता येत नाही. पण बिनभिंतींच्या घरातून माणसाला बाहेर काढता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खऱ्या दारावर निदान थाप तरी मारता येते. ताईला मी हे सगळं सांगितलं, माझा तो टोमणासुद्धा सांगितला. ती म्हणाली, "ठाऊक आहे. ते रोज बोलायचे त्यावर." पुढे काय बोलायचे ते तिने सांगितलं नाही, मलाही विचारायचं धाडस झालं नाही.

गेल्या आठवड्यात पाया खणायला माणसं आली. पहिली कुदळ उचलली तेव्हा ताई म्हणाली, "जरा थांबा. यांना विचारून येते." आम्ही सगळे बाहेर उन्हात उभे राहिलो. कुणी हसलं नाही. बबनरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ताई वाटेवाटेने आत गेली, खुर्चीपाशी थांबली. तिचे ओठ हलताना दिसत होते. मग ती गप्प झाली आणि मान थोडी तिरकी करून ऐकत राहिली, बराच वेळ. परत आली तेव्हा तिचा चेहरा भिजलेला होता. दाजी गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती.

"खणा म्हणाले," ती म्हणाली. "त्रास होईल म्हणाले, पण खणा."