मधला बोल्ट आधी

जगात जे काही बिघडतं ते मधला बोल्ट आधी न आवळल्यामुळे बिघडतं, असं ठाम मत असलेला एकच माणूस केज तालुक्यात होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी हे मत इंजिनापुरतं ठेवलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण ते शर्टाची गुंडीसुद्धा मधली आधी लावायचे, मग एक वर, एक खाली असं करत गळ्यापर्यंत पोचायचे. पंगतीत मधोमध बसायचे. चष्म्याची काडी, चहाच्या पातेल्याचा कान, खुराड्याची कडी, घरातल्या सगळ्या सुटण्यासारख्या वस्तूंना त्यांनी पीळ दिलेली तार बांधून टाकली होती. मामी म्हणायच्या, "मी तेवढी मोकळी हाय. कशी ऱ्हायले काय म्हाईत."

हे सगळं एका मोटारीमुळे झालं. आमच्या गावच्या जहागीरदारांकडे निजामाच्या अमदानीतली विलायती मोटार होती. जहागिरी गेली, मोटार राहिली. पुढे मोटारही गेली, इंजिन राहिलं. दारं कुणाच्या तरी गोठ्याला लागली, मागची सीट सरपंचांच्या बुडाखाली गेली, आणि इंजिन आमच्या दूध सोसायटीनं विहिरीवर बसवून, पाणी उपसायला, मामांच्या ताब्यात दिलं. मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी. त्या अख्ख्या इंजिनात मामांचं लक्ष एकाच जागी असायचं. जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारं ओतीव लोखंडाचं नळकांडं असतं, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. ते सात बोल्टांवर धरलेलं. बाकीचं इंजिन, मामांच्या लेखी, या सात बोल्टांना टेकायला जागा म्हणून केलेलं होतं. तिथलं लोखंड तापून फुगतं, गार होऊन आखडतं, थरथरीनं बोल्ट हळूहळू फिरत जातात. कमी आवळला तर सुटतो. जास्त आवळला तर डोकं पान्यात आणि धड आत. म्हणून मामा पाना शेवटाला न धरता मध्यावर, दोन बोटांत धरायचे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस भाजीत मीठ टाकतोय. मधला आधी, मग त्याच्या डावीकडचा, मग उजवीकडचा, असं कडेपर्यंत. मग इंजिन तापवायचं, बंद करायचं, गार होईपर्यंत उकिडवं बसायचं आणि पुन्हा मधल्यापासून. तोवर हौदापाशी गुरं हंबरायची आणि माणसं मामांच्या नावानं ओरडायची. "तापल्याल्याला हात लावू न्हाई," मामा शांतपणे म्हणायचे. "गार हू द्या, मंग आवळा." हाच सल्ला त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या भांडणात दिला होता, आणि सांगायला जड जातं, पण तो लागू पडला.

सगळ्यात शेवटी यायची ती तार. प्रत्येक बोल्टाच्या डोक्याला त्यांनी बारीक भोक पाडलं होतं. त्यातून तार ओवून ते अशी पिळायचे की एक बोल्ट सुटायला लागला तर ती ताणून शेजारच्याला आवळायची. चेअरमनना त्यांनी एकदा हे समजावून सांगितलं, वर म्हणाले, "सोसायटी म्हंजी हीच की, साहेब. एक सुटाया लागला की दुसऱ्यानं त्याला वढून धरायचं." चेअरमन खो खो हसले. आमच्या संचालक मंडळात एक सुटायला लागला की दुसरा त्या जागी आपला पुतण्या बसवायचा. मीही हसून घेतलं. मामांनी इंजिनाला मंगळसूत्र घातलंय, ही कोटी माझी. ती गावात महिनाभर चालली.

मग तो दुष्काळ आला. सोसायटीनं चारा छावणी उघडली. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा आणि मामांचं इंजिन ते पाणी हौदात चढवायचं. चार गावांची जनावरं त्यावर जगत होती. त्याच दिवसांत आष्टीला मामांच्या लेकीच्या घरी बारसं निघालं. मामा जाईनात. मीच म्हणालो, जा मामा, मी आहे ना इथं. चार दिवसांची रजा मी तोंडी दिली. मामांनी एकवार इंजिनाकडे पाहिलं. "तार हाय म्हून जातो, पाव्हणं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी छावणी बघायला कुणी मोठे पाहुणे येणार होते. स्वागताच्या कमानीवरचा फलक एका कोपऱ्यात सुटून फडफडत होता आणि चेअरमन माझ्यावर खेकसत होते. सुतळी बांधावी तर बैल ती कडब्याबरोबर खाऊन मोकळे. हातभर तार हवी होती. मी पकड घेतली, विहिरीवर गेलो आणि मंगळसूत्र तोडलं. बोल्ट घट्टच होते. इकडची शोभेची वस्तू तिकडच्या शोभेला लावली, एवढंच मला वाटलं. फलक ताठ बसला. पाहुणे आलेच नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी मॅनिफोल्ड सुटलं आणि आतली आग रॉकेलच्या नळीला लागली. वाळू टाकून विझवेपर्यंत इंजिन काळंठिक्कर झालं होतं. पुढचे दोन दिवस बायाबाप्ये दोरानं पाणी शेंदत राहिले. ते पुरलं नाही. तीन गाई बसल्या त्या उठल्या नाहीत.

आग लागली त्याच दुपारी मामा एसटीतून उतरले होते, हातात बारशाच्या घुगऱ्यांचा पुडा. पुडा माझ्या हातात देऊन ते इंजिनापाशी बसले. मधल्या बोल्टाला तारेचा एक तुकडा राहिला होता. तो बोटांत फिरवून त्यांनी खिशात टाकला. बैठकीत चेअरमननी विचारलं, कुणाला विचारून गेलतास? मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण काढत होतो.

"बोल्ट माझे व्हते," मामा म्हणाले. "सुटले ते माझेच सुटले."

विनापरवाना गैरहजेरी आणि निष्काळजीपणा, असा ठराव मी प्रोसिडिंगमध्ये लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. मामांना विहिरीवरून काढलं, आणि पुढे कितीतरी वर्षं पारावरची माणसं त्यांना विचारायची, "का रं, मधला आवळला का न्हाई?"

बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा माझ्या मोटारसायकलचा सायलेन्सर खडखडत होता. मामांना नीट दिसत नव्हतं. गाडी गार होईस्तोवर त्यांनी मला बसवून ठेवलं, बोटांनी चाचपत नट आवळले आणि तार पिळायला घेतली. "तुटल्याली तार टोकाला निमुळती आस्ती, पाव्हणं," ते खाली बघतच म्हणाले. "पकडीनं कापल्याली चपटी." अजून दोन पीळ दिले. "ही कापू नगा." मग मामींना चहा टाकायला सांगितला. मी चहा प्यालो आणि घरी आलो.

आता मामा नाहीत. सोसायटीही बुडाली. तो ठराव खोडायला संचालक मंडळ लागतं, तेही उरलं नाही. म्हणून इथं लिहितो: रजा मी दिली होती, तार मी कापली. मागच्या महिन्यात मोटारसायकल भंगारात द्यायची ठरली, तेव्हा ती तार काढून घ्यायला मी अंगणात बसलो. पकड शेजारीच होती. तिला हात लावला नाही. एकेक पीळ बोटांनी उलटा फिरवत होतो. बायको दारात येऊन उभी राहिली, मगापासून काय करताय म्हणाली.

"गार होऊ दे," मी म्हणालो, "मग सांगतो."

गाडी तर वर्षभर सुरूच झाली नव्हती.