दारूवर चालणारी गाडी आणि बोरगावची भाऊबीज

आमच्या गल्लीत एक विनोद आहे आणि तो आमच्याच घरावर आहे. "बाळूनं स्वतःची सोडली आणि गाडीला लावली!" बाळू म्हणजे आमचे हे. बेळगावच्या वडगावात पॉवरलूमचे फिटर. कुणाचा माग अडला की यांना बोलावणं येतं. काही वर्षांपूर्वी यांनी दारू सोडली आणि रिकाम्या पडलेल्या संध्याकाळचं करायचं काय, म्हणून शेडच्या मागं भंगारातून गाडी जोडायला घेतली. मोडीत निघालेल्या व्हॅनचं इंजिन, घरी ठोकलेला पत्रा, जुन्या बसच्या सीटा, गिअरच्या दांड्याला मूठ म्हणून जुन्या मागाचा, सूत इकडून तिकडं नेणारा लाकडी धोटा. रंग पोपटी, कारण तोच डबा शिल्लक होता. इथपर्यंत ठीक होतं हो. पण ही गाडी पेट्रोलवर नाही, इथेनॉलवर चालणार होती. म्हणजे उसाच्या मळीपासून निघणारं अल्कोहोल. गल्लीच्या भाषेत दारूच.

ज्या वासानं माझी निम्मी संसाराची वर्षं खाल्ली, तोच वास हा माणूस डबे भरभरून घरी आणणार! मी आठ दिवस बोलले नाही. "अगं, पेट्रोलपेक्षा धूर कमी, ऊस आपल्याच भागातला," असं हे मला समजावत होते आणि मी भांडी आपटत होते.

खरी गोष्ट सांगते. यांनी दारू सोडली तरी संध्याकाळी यांचा शर्ट बादलीत टाकण्याआधी कॉलर हुंगायची माझी सवय सुटली नव्हती. वास नाही आला की मी भाजीला फोडणी घालायची. गाडी आली आणि माझी ही परीक्षाच बुडाली. शर्टाला रोज स्पिरिटचा वास! आता आतून येतोय की बाहेरून, हे कळणार कसं? विचारायचं तर तोंड होत नव्हतं.

अशात बोरगावहून सुमनआक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण, यांना आईच्या ठिकाणी. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात हे पिऊन गेले आणि पाहुण्यांच्या पंगतीत आडवे झाले. त्या दिवशी आक्कांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "दारूचा वास घेऊन माझ्या उंबऱ्याला परत यायचं न्हाय." तेव्हापासून भाऊबीज बंद. यांनी दारू सोडली ती त्यानंतर. देवीचा भंडारा हातात उचलून शपथ घेतली. आमच्याकडं भंडारा उचलला की विषय संपला, पण आक्कांचा विश्वास बसायला वर्षं गेली. आणि आता त्या म्हणत होत्या, "यंदा ये बाळ्या. पण लक्षात हाय न्हवं मी काय म्हटलेलं?"

यांनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाले, "गाडी घिऊन जाऊ."

"बस बंद पडल्यात का?" मी म्हटलं. "आक्का वासाचं बोलतात आणि तुम्ही वासाचीच गाडी घेऊन जाता?"

"सोडल्यापास्नं मी काय केलं, ते आक्काला दावायचंय." मी फराळाचे डबे काढले.

असा प्रवास करायचं कुणाच्या मनात असेल तर आधी कागदपत्रं. घरी जोडलेली गाडी तशीच रस्त्यावर काढता येत नाही. परवानगी आणि तपासणी यात यांच्या चपला झिजल्या. शेजारचे आप्पा रोज विचारायचे, "बाळू, बोरगावला जाणार का हिंडलग्याला?" हिंडलग्याला आमचा तुरुंग आहे, म्हणजे काय ते समजा. दुसरं इंधन. आमच्या शहराबाहेर एका पंपावर निव्वळ इथेनॉल मिळतं, पण पुढं वाटेत मिळेलच असं नाही, म्हणून डब्यात जास्तीचं घ्यावं लागतं. पेट्रोलपेक्षा स्वस्त आहे, पण गाडी पितेही जास्त, त्यामुळे हिशेब शेवटी जवळपास तिथंच येतो.

भाऊबीजेच्या सकाळी गारठा होता. थंडीत स्पिरिटची गाडी पटकन उठत नाही. आधी कार्बोरेटरला चमचाभर पेट्रोल पाजावं लागतं, मग ती खोकते, थरथरते आणि चालू होते. गल्लीतली निम्मी माणसं आंघोळी उरकून बघायला उभी. "चखणा घेतलाय का रं गाडीला?" आप्पा ओरडले. हे हसले. मी नाही हसले.

काकतीला चहा घेतला. राणी चेन्नम्माच्या जन्मगावात पोपटी गाडी थांबली म्हटल्यावर चहा प्यायला आलेल्या सगळ्यांनी गाडीबरोबर फोटो काढून घेतले. पुढं हायवे रुंद करायचं काम चालू आहे, त्यामुळे गाड्या सारख्या बाजूच्या रस्त्यावर उतरवून परत वर घेतात. निघताना वेळ हातात ठेवून निघा. वंटमुरीच्या वळणांवर उसाच्या ट्रॉल्या पुढं. हे म्हणाले, "बघ, आपलं पेट्रोल चाललंय पुढं." संकेश्वरला कटवडा खाल्ला. कट लालभडक, घाम फुटला, पण दुसरी वाटी मागितलीच. इथवर गाडीनं एकदाही कुरकुर केली नाही आणि माझाही राग थोडा उतरला होता. खिडकीतून गार वारा येत होता आणि धोट्यावर यांचा हात निवांत होता.

तवंदी घाट जवळ आला, चढ लागला आणि गाडीनं मान टाकली. समोरून वारा, वर चढ, टाकी कोरडी. "काय न्हाय, डबा हाय की," असं म्हणत हे उतरले. डिकी उघडली. डबा होता. त्यातून टाकीत ओढायचा हातपंप नव्हता.

"हितं पंप ठेवलेला मी. कुठं गेला?"

मला घाम फुटला. करंज्यांचा डबा बसेना म्हणून सकाळी मीच तो पंप काढून शेडच्या कट्ट्यावर ठेवला होता. गाडी घरगुती, टाकीचं तोंड आत वाकडं, डबा मोठा आणि जड. ओतायला गेलं तर अर्धं रस्त्यावर. राहिला एकच मार्ग, रबरी नळी. नळीचं एक टोक डब्यात घालायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं आणि आलं की पटकन टाकीत सोडायचं. आमच्याकडं पेट्रोल असंच काढतात, लहानपणापासून बघितलंय.

यांनी नळी हातात घेतली. एक टोक डब्यात सोडलं. दुसरं टोक हातात धरून नुसते उभे राहिले.

"अहो, ओढा की!"

"मला न्हाय जमायचं."

"म्हणजे? आयुष्यभर पेट्रोल ओढलंय की तुम्ही."

"ह्ये पेट्रोल न्हवं गं." आवाज अगदी बारीक झाला होता. "भंडारा उचलताना मी 'पिणार न्हाय' म्हटलं न्हवतं. 'थेंब ओठाला लावणार न्हाय' म्हटलंतं."

एक ट्रकवाले अण्णा आमची अवस्था बघून थांबले होते. सगळं ऐकून म्हणाले, "द्या हिकडं, मी वढतो. पैसंबी नकोत!" हे घाबरून म्हणाले, "अण्णा, प्यायचं न्हवं ते. माणसानं पिऊ नये म्हणून विष कालवलेलं असतंय त्यात." अण्णांचा परोपकार तिथंच संपला. "मग दिवाळीच्या दिवशी कशाला," म्हणत ते ट्रकमध्ये चढले.

मी यांच्याकडं बघितलं. हा माणूस वाऱ्याच्या उलट बाजूला तोंड करून, नळी अंगापासून लांब धरून उभा होता. कुणी बघणारं नव्हतं, कुणी विचारणारं नव्हतं, बहीण तिकडं वाट बघत होती, तरी नळी ओठाला लागत नव्हती. मी इतकी वर्षं कॉलरी हुंगून जे शोधत होते, ते मला तवंदीच्या चढावर भर उन्हात दिसलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते लपवायला मी जोरात ओरडले, "द्या ती नळी!"

पदर खोचला आणि ओढलं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तोंडात आगच! थुंकले, खोकले, अर्धं नव्या साडीवर सांडलं, पण नळी टाकीत गेली आणि धार लागली. हे पाण्याची बाटली घेऊन माझी पाठ चोळत होते. मी चुळा भरत होते आणि मनात म्हणत होते, ह्याच्यासाठी? ह्या जळजळीसाठी ह्या माणसानं घर विकायला काढलं होतं? वाचकांनो, कृपा करून असलं करू नका. पंप घ्या, करंज्या मागं राहिल्या तरी चालतील.

"मग ही गाडी का केलीत हो?" मी तोंड पुसत विचारलं. हा प्रश्न मी इतके दिवस गिळत होते.

"लांब पळून सुटत न्हाय ती. कोपऱ्या-कोपऱ्यावर दुकान हाय. म्हटलं, रोज समोर ठेवायची, रोज वास घ्यायचा आणि रोज न्हाय प्यायची. मग मलाच माझा भरवसा येईल."

निपाणीत गाडी थांबवून नळावर तोंड धुतलं, साडी पुसली आणि बडीशेप घेतली. मूठभर तोंडात टाकली आणि मग लक्षात आलं, हे तर पिणाऱ्यांचं लक्षण! सगळे बेवडे घरी जाताना हेच करतात. हे गालात हसत होते. "आता कळलं न्हवं, कसलं टेन्शन असतंय?" म्हणाले. यांना आता हसू येत होतं, आणि मी अजून मूठभर बडीशेप तोंडात टाकली.

निपाणी ते बोरगाव रस्ता बरा आहे, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधेच तंबाखू. दुपारच्या आधी पोचलो. आक्का उंबऱ्यात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. हे उतरले, पुढं झाले, तुकडा ओवाळायला आक्कांनी हात वर केला आणि हात तिथंच थांबला. नाकपुड्या हलल्या.

"बाळ्या."

एवढंच. वर गेलेला हात खाली आला. इतक्या वर्षांची मेहनत माझ्या साडीच्या वासापायी उंबऱ्याबाहेर राहणार, असं मला वाटलं.

"आक्का, वास माझा हाय!" मी पुढं घुसले. "गाडीत भरताना मी नळी ओढली."

"झाक, झाक. आधीबी तूच झाकायचीस गं ह्याला." आक्कांचे डोळे भरले होते. "ताप आलाय म्हणायचीस, पोट दुखतंय म्हणायचीस."

ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. मग मी विचार केला नाही. आक्कांचे खांदे धरले, तोंड त्यांच्या नाकाजवळ नेलं आणि जोरात श्वास सोडला. "हाऽऽ!"

आक्का दोन पावलं मागं गेल्या. खोकल्या. "आगं बाई गं!"

"आता त्यांचा बघा."

आक्कांनी तांब्या आणि तुकडा खाली ठेवला. दोन्ही हातांत यांचं तोंड धरलं, जवळ ओढलं, आणि हुंगलं. एकदा. पुन्हा एकदा. वाड्यातली... छे, वाडा कसला, त्या छोट्याशा अंगणातली सगळी माणसं पुढं सरकून बघत होती. दाजी दारात पान धरून तसेच.

"न्हाय," आक्का म्हणाल्या. मग मोठ्यांदा, "न्हाय की रं! बाळ्या, न्हाय की!" आणि यांच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. हेही रडले. मी तिथंच जमिनीवर बसले. इतकं हलकं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

डोळे पुसून आक्का माझ्याकडं वळल्या. "म्हणजे भावजय पिऊन आली भाऊबीजेला! व्हय गं?" सगळे हसले. मी आत जायला निघाले, तर हात आडवा. "थांब. आधी त्या हौदावर तोंड धू, साडी बदल. वास घिऊन ह्या उंबऱ्याला कुणीबी यायचं न्हाय."

मग मी आक्कांची साडी नेसून आत गेले. ओवाळणं झालं. यांनी वडगावची साडी ताटात घातली. आक्का निरांजन घेऊन गाडीलाही ओवाळायला निघाल्या, तेव्हा हे किंचाळलेच, "आक्का, लांबनं! पेटंल ती!" शेवटी पोपटी गाडीला आक्कांनी अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून ओवाळलं. दाजींनी गाडीतून गावाला फेरी मारून घेतली आणि परत येऊन सांगितलं, "आवाज लई, पण चालतीया." परतीसाठी त्यांनी गोठ्याजवळचा फवारणीचा नवा हातपंप दिला. तो आता गाडीतच असतो.

परतीचा रस्ता तोच, पण उतार जास्त वाटला. संध्याकाळी वडगावात शिरलो तेव्हा आप्पा गल्लीच्या तोंडालाच होते. "काय म्हणती गाडी? किती प्याली?"

"गाडी बेतानं," हे म्हणाले. "बायको जरा जास्तच."

घरात आल्यावर मी दिवा लावला, यांचा शर्ट घेतला, बादलीत टाकला, साबण घातला आणि भाजीला फोडणी दिली. मोहरी तडतडली तेव्हा आठवलं, आज कॉलर हुंगायची राहिलीच. बादलीकडं बघितलं. शर्ट पाण्यात पार बुडाला होता. मी भाजी कढईत टाकली.