तोरफिस्क आणि तहान

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बहारीनला जहाजदुरुस्तीच्या एका ऑफिसात मी टायपिस्ट होते. नवरा बोटीवर, लेक वसईला आईकडे. तिला ठेवून आले तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. रजेचं विचारलं की मॅनेजर म्हणायचा, "नेक्स्ट मंथ, इंशाल्ला." तो नेक्स्ट मंथ काही उजाडत नव्हता. माझं कशातच लक्ष लागेना. विमानतळाजवळ, अरादला माझी खोली होती; तिथं कपाट लावायचं, पुन्हा सगळं बाहेर काढायचं, खिडकीतून विमान चढताना दिसलं की चिडायचं.

अशात गावच्या एका नर्सबरोबर आईनं सुके बोंबील पाठवले. मी ते भाजून डब्यात नेले आणि एसीच्या बंद खोलीत डबा उघडला. बघता बघता सगळं ऑफिस नाक धरून बसलं. आता बोलणी खावी लागणार, म्हणून घाईघाईनं झाकण लावत होते, तोच आमचा नॉर्वेजियन इंजिनियर उठून आला.

"तोरफिस्क," तो म्हणाला, आणि न विचारता एक बोंबील उचलला.

त्याच्या गावीही मासे असेच उघड्यावर, लाकडी मांडवांवर वाळवतात. त्यानं मला शब्द फोडून दाखवला. तोर म्हणजे सुका, फिस्क म्हणजे मासा. "आमच्याकडे तहानेला तोर्स्त म्हणतात. तोर आणि तोर्स्त एकाच मुळातले. तुमच्या संस्कृतातही ते मूळ आहे, असं आमचा कोश सांगतो."

शाळेत घोकलेलं संस्कृत आठवलं. तृष्णा. तिचीच पुढे तहान झाली. म्हणजे त्याच्या सुक्या माशात आमची तहान होती तर. गंमत वाटायला हवी होती, पण माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला.

"घरी कधी जाणार?" त्यानं विचारलं.

"नेक्स्ट मंथ. इंशाल्ला."

तो हसला नाही. हात पुसून सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. तिथं काय बोलला कोण जाणे, पण माझी रजा मंजूर झाली.

वसईला पोचले तेव्हा अंगणात बोंबील वाळत होते आणि लेक कावळे हाकत होती. मला पाहून ती घरात पळाली. बॅग टाकून मी तिच्यामागे निघाले, तर तीच बाहेर आली, दोन्ही हातांनी पेला सावरत. बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, हे आजीनं तिला शिकवलं होतं.

"घ्या," ती म्हणाली, आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिली.