उजव्या डोळ्यातली बाहुली

दारावरची लिंबू-मिरची काढून सरबत करू का, असं आईला चिडवणारी मी... भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी हे लिहितेय. कोणाला काही सुचलं तर खरंच सांगा.

मी सुकापूरची. कॉलेजात असताना माझ्या उजव्या डोळ्यातली बाहुली अचानक मोठी झाली, ती तशीच राहिली. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, "ॲडीज प्युपिल. घाबरू नका. उजेडात ती आकसणार नाही, पण काही अगदी जवळून बघितलं की हळूहळू बारीक होईल." बाबांना खेळच मिळाला! येता-जाता माझ्या नाकासमोर अंगठा धरायचे — "बग बग, झाली बारीक!" मी वैतागायचे.

मग एके दिवशी बाबा कामाला म्हणून उरणला गेले, ते परत आलेच नाहीत. पोलीस, हॉस्पिटलं, सगळं झालं. काहीच कळलं नाही. आईने कुंकू पुसलं नाही. "ते हायेत," एवढंच म्हणते.

गेल्या वर्षी माझी हळद होती. आमच्यात हळदीला धवलारीण गाण्यातून देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावते. आईने तिला आधीच बजावलं होतं, "त्यांचा नाव घेव नको." पण म्हातारी गाण्याच्या ओघात आजोबांमागून बाबांचंही नाव घेऊन गेली... मी लांब, रस्त्याकडे बघत होते. आई माझ्या पायांना हळद लावत होती, तिचा हात थांबला. ती माझ्या डोळ्याकडे बघत होती.

व्हिडिओत नंतर मीही पाहिलं. नजर लांब, तोंडासमोर कोणी नाही — आणि बाहुली हळूहळू बारीक होतेय. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं. "जवळचं काहीतरी बघत असणार तुम्ही," म्हणाले.

हळद आटोपल्यावर आईने विचारलं, "जवल काय आला तरच बारीक होते ना गो?" मी हो म्हटलं. वाटलं, आता रडेल. नाही रडली. कुंकूही तसंच आहे.

आता माहेरी गेले की चहाच्या आधी ती मला ओटीवर बसवते. "लांब बग," म्हणते, आणि माझ्या डोळ्यात बघत राहते. बाहुली बारीक झाली तर बाबा जवळ आहेत. नाही झाली तर कुठेतरी जिवंत असतील. यातलं तिला काय हवंय, मला अजून कळलेलं नाही.

माझी बाहुली मला दिसत नाही. आई सांगत नाही.